झोपायचं कुठे, बॉस?

ब्रिटनमध्ये कॅरॅव्हॅन घेताना सोफा, टीव्ही आणि पडदे सगळेच बघतात. पण रात्री दोन वाजता टॉयलेटपर्यंत कसं पोचायचं, हे विचारतो तो खरा शहाणा!

कॅरॅव्हॅन म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? हिरवीगार टेकडी, तिच्या पायथ्याशी एक पांढरंशुभ्र चाकांवरचं घर, बाहेर दोन फोल्डिंगच्या खुर्च्या आणि हातात वाफाळता मग. एकदम पोस्टर! फक्त या पोस्टरमध्ये आतला बेड कधी दिसत नाही. आणि खरं सांगायचं तर कॅरॅव्हॅनमधली सगळी मजा, आणि सगळी भांडणंसुद्धा, त्या बेडपासूनच सुरू होतात.

आधी बेसिक फंडा क्लिअर करू या. ब्रिटनमध्ये जिला ‘टूरिंग कॅरॅव्हॅन’ म्हणतात तिला इंजिन नसतं. आपल्याच कारच्या मागे जोडायची, साइटवर नेऊन सोडायची आणि कार घेऊन गावभर भटकायला मोकळं! इंजिनवाली ती मोटरहोम, तो वेगळा प्रकार. हे वेड तिकडे चांगलंच जुनं आहे. विल्यम गॉर्डन स्टेबल्स या रॉयल नेव्हीतल्या माजी डॉक्टरने १८८५ मध्ये ‘वाँडरर’ नावाची दोन घोड्यांची गाडी खास हिंडण्यासाठी बनवून घेतली. १९०७ मध्ये कॅरॅव्हॅन क्लब निघाला. पुढे १९१९ मध्ये बर्मिंगहॅमच्या एक्लेस कंपनीने मोटारीमागे जोडायच्या कॅरॅव्हॅन बनवायला घेतल्या. तेव्हापासून वीकेंड आला की इंग्रज माणूस घर मागे बांधून निघतोच.

आता या पंगतीत आपली मराठी मंडळीही बसायला लागली आहेत. माझा मावसभाऊ, म्हणजे आमचा दादा, बर्मिंगहॅमजवळ राहतो. दादा-वहिनी दोघंही आयटीत. दर उन्हाळ्यात मावशी आणि काका ठाण्याहून त्यांच्याकडे जातात. जातात खरे, पण दिवसभर मुलगा-सून कामात आणि हे दोघं खिडकीशी. फिरायला जायचं तर हॉटेलच्या दोन खोल्या आणि चौघांचं बाहेरचं खाणं. दोन ट्रिपांतच बजेट गार! म्हणून कॅरॅव्हॅनची आयडिया निघाली. पण गुडघ्यांनी बेजार झालेल्या मावशीने पहिल्याच झटक्यात जाहीर केलं, “तुम्ही दोघं जाऊन या रे. आम्हाला काही त्या डब्यात झोपणं जमायचं नाही.”

झाली ना पंचाईत? ज्यांच्यासाठी हा सगळा घाट, तेच घरी बसणार असतील तर कॅरॅव्हॅन घ्यायची कशाला?

चार बर्थ म्हणजे चार माणसं?

बर्मिंगहॅमच्या एनईसीमध्ये दर फेब्रुवारीत कॅरॅव्हॅनचं भलंमोठं प्रदर्शन भरतं. दादाला घ्यायची होती सेकंडहँड, पण लेआउट बघायला याहून चांगली जागा नाही. मी तेव्हा तिकडेच होते, मग काय, गेलो आम्ही तिघं. हॉलमध्ये ओळीने शेकडो कॅरॅव्हॅन उभ्या. आत शिरायचं, बसायचं, ड्रॉवर उघडायचे, कोणी काही बोलत नाही. दोन तासांत माझ्या डोक्यात एक गोष्ट फिट्ट बसली. पाटीवर लिहिलेल्या बर्थच्या आकड्यावर जाऊ नका!

रेल्वेचा स्लीपर कोच आठवा. मिडल बर्थ असतो खरा, पण तो उघडला की कोणाला ताठ बसता येत नाही. कॅरॅव्हॅनमधले बरेचसे बर्थ याच जातीचे. पुढच्या बाजूला समोरासमोर दोन लांब सोफे असतात, तो लाउंज. रात्री मधल्या फळ्या ओढायच्या, पाठीच्या गाद्या आडव्या रचायच्या, की झाला डबल बेड. बाजूला छोटं टेबल आणि दोन बाकं असली तर त्यांचे होतात बंक. पलंगांचा हिशेब जुळतो, पण लाउंजचा बेड झाला की बसायची जागा गेली. एकाला दहाला झोप येते, दुसऱ्याला मॅच बघायची असते. कोण कोणाला उठवणार?

यावर इलाज म्हणजे फिक्स्ड बेड, दिवसरात्र पलंगच राहणारा. त्यात तीन मुख्य प्रकार.

पहिला फ्रेंच बेड. मागच्या कोपऱ्यात लांबीच्या बाजूने बसवलेला, बहुतेक वेळा पायाकडचा एक कोपरा कापलेला, शेजारी छोटं वॉशरूम. यात जागा वाचते, म्हणून लांबी आणि वजनही आटोक्यात राहतं. गोची एकच. भिंतीकडे झोपणाऱ्याला उठायचं तर शेजारच्याला ओलांडून यावं लागतं.

दुसरा आयलंड बेड. नावाप्रमाणे बेट! दोन्ही बाजूंनी उतरता येतं, हॉटेलसारखा रुबाब. पण मोकळ्या वाटेला जागा लागते. म्हणून काही कॅरॅव्हॅनमध्ये दिवसा हा बेड मागे ढकलून आखूड करतात आणि रात्री परत ओढतात. तो आडवा बसवला तर त्याला ट्रान्सव्हर्स आयलंड म्हणतात. मग मागे पूर्ण रुंदीचं वॉशरूम मिळतं. झकास! फक्त पुढे लाउंजमध्ये झोपलेल्याला तिथे जायचं तर पलंगावरच्या जोडप्याच्या पायांशेजारून जावं लागतं.

तिसरा ट्विन सिंगल. दोन्ही भिंतींना एकेक पलंग, मधून वाट, मागे वॉशरूम. दिसायला हॉस्टेलची रूम, त्यामुळे तरुण जोडपी बघून नाकं मुरडतात. वहिनीही म्हणाली, “अय्या, हे काय, आमचं लग्न झालंय!” पण काही मॉडेल्समध्ये मधल्या वाटेवर फळ्या ओढून दोन्हींचा मिळून एक मोठा बेड करता येतो. ते बघितल्यावर नाक सरळ झालं.

रात्री दोनची टेस्ट

शेवटी दादाने एक कागद घेतला आणि प्रत्येक लेआउटमध्ये चौघांना झोपवून पाहिलं. प्रश्न एकच: रात्री दोन वाजता काका उठले तर कोणाकोणाची झोप मोडेल?

फ्रेंच बेडवर मावशी-काका? भिंतीकडे कोण? मावशी असेल तर गुडघे, काका असतील तर मावशीच्या अंगावरून मोहीम. कट! मावशी-काका लाउंजमध्ये आणि दादा-वहिनी मधल्या आयलंड बेडवर? मग काकांची प्रत्येक फेरी सुनेच्या पायांशेजारून. सून काही बोलणार नाही, पण संकोचाने काकाच रात्रभर तळमळतील. कट! ट्विन सिंगलवर मावशी-काका? आपापल्या बाजूने पाय खाली टेकवायचे, चार पावलांवर वॉशरूम, मधलं सरकतं दार बंद. पुढे लाउंजमध्ये दादा-वहिनी ढाराढूर!

किंमत कोणी मोजायची, तेही यातच ठरतं. रोज रात्री गाद्या रचायच्या आणि सकाळी आवरायच्या, हे काम आलं धडधाकट माणसांकडे. आणि मावशी-काका ठाण्यात असतील तेव्हा दादा-वहिनींनी फळ्या ओढून मागचाच मोठा बेड वापरायचा, लाउंज कायम मोकळा.

वजनाला विसरू नका

बेड जितका ऐसपैस, तितकी कॅरॅव्हॅन लांब आणि जड. मग ती आपल्या कारला झेपते का, हे बघावंच लागतं. नवख्यांसाठी तिकडचे क्लब सल्ला देतात की भरलेल्या कॅरॅव्हॅनचं कमाल वजन कारच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपर्यंत ठेवा. हा कायदा नाही, पण शहाणपणा आहे. दादाची कार १७०० किलोची, म्हणजे कॅरॅव्हॅन १४४५ किलोच्या आत. या एका आकड्याने प्रदर्शनातले अर्धे राजमहाल बाद झाले! कार बनवणाऱ्याने ठरवलेली ओढण्याची मर्यादा मात्र पाळावीच लागते. शिवाय रिकामी कॅरॅव्हॅन आणि तिचं कमाल वजन यांतला फरक, तेवढंच आपलं सामान. चौघांच्या रजया, भांडी, कपडे, मावशीचा कुकर, पिठाचा डबा, सगळं त्यातच.

लायसन्सचं टेन्शन मात्र कमी झालंय. १९९७ नंतर कारची परीक्षा पास झालेल्यांना मोठी कॅरॅव्हॅन ओढायला वेगळी परीक्षा द्यावी लागायची. डिसेंबर २०२१ पासून ती अट गेली. बाकी नियम आहेतच. मोटरवेवर ताशी ६० मैल, साध्या दुपदरी रस्त्यावर ५०. आणि चालत्या कॅरॅव्हॅनमध्ये माणूस बसवायचा नाही म्हणजे नाही. ‘मावशी मागे आडवी होईल जरा’ हा विचारच डोक्यातून काढायचा.

पीकमधल्या चार रात्री

मे अखेरीस आम्ही पाच जण निघालो पीक डिस्ट्रिक्टला. १९५१ मध्ये जाहीर झालेलं हे ब्रिटनचं पहिलं नॅशनल पार्क. मुक्काम कॅसलटनला. दगडी घरांचं टुमदार गाव, वर पेव्हरिल कॅसलचे अवशेष, आजूबाजूला गुहा आणि समोर ५१७ मीटरचा मॅम टॉर. या डोंगराची माती सारखी घसरते. त्याच्या कुशीतून जाणारा रस्ता दुरुस्त करकरून लोक थकले आणि १९७९ मध्ये तो कायमचा बंद झाला. उरली विनॅट्स पासची अरुंद, खड्या चढाची घाटवाट. मागे कॅरॅव्हॅन असताना तिच्या वाटेला जाऊ नये, म्हणून आम्ही पूर्वेकडून, होप गावाच्या बाजूने आत शिरलो. होपच्या बाजूने! मावशीला हे नाव जाम आवडलं.

साइटवर पोचल्यावर पहिलं काम म्हणजे कॅरॅव्हॅन समतल करणं. चाकाखाली उतरंडीचा ठोकळा, पुढच्या चाकाने उंची जुळवायची, मग चार कोपऱ्यांचे पाय टेकवायचे. हे नीट झालं नाही तर कितीही महागडी गादी असो, रात्रभर डोकं खाली आणि पाय वर. मग वीज जोडायची, पाण्याचा पिंप लोटत आणायचा. कुकरच्या तीन शिट्ट्यांत खिडक्या वाफेने पांढऱ्या झाल्या, तेव्हा छताची खिडकी उघडायची हे कळलं. फोडणीचा वास लाउंजच्या गाद्यांत मुक्कामाला येतो, म्हणून दादाने फोडणीसाठी बाहेर ऑनिंगच्या उघड्या बाजूला छोटी शेगडी मांडली. ऑनिंग म्हणजे कॅरॅव्हॅनला जोडलेला तंबू. माझी झोपायची खोली त्यातच होती. मेमध्येही स्वेटर, टोपी, मोजे, सगळं घालून!

पहिल्या रात्री सगळ्यांचे कान टवकारलेले. दोनच्या सुमारास आत हलकासा आवाज झाला, दिवा लागला, विझला. बस्स. लाउंजमधून हूं नाही की चूं नाही.

तिथे मे अखेरीस पाचच्या आधीच उजाडतं, आणि काका तर सूर्यासोबत उठणारे. स्वयंपाकाचा ओटा आणि बाहेरचं दार, दोन्ही कॅरॅव्हॅनच्या मध्यावर. त्यांनी गुपचूप चहा केला आणि दोन कप घेऊन बाहेर आले. एक मला दिला. समोर मॅम टॉरवर धुकं, कुंपणापलीकडे मेंढ्या. काका म्हणाले, “तीन वर्षं येतोय इकडे. सकाळी उठून दार उघडून बाहेर पडलो, कोणाला न विचारता, असं आज पहिल्यांदाच झालं बघ.” मी काही बोलले नाही. चहा फक्कड होता.

तिसऱ्या रात्री मावशीनेच विचारलं, “पुढच्या वेळी तो समुद्रकिनारा करू या का रे?” डब्यात झोपणं जमलं होतं तर!

निघण्यापूर्वी

कॅरॅव्हॅनचं फॅड आपल्याकडेही येतंय. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. आपल्याकडे भाड्याने मिळतात त्या बहुतेक इंजिनवाल्या, पण आतलं गणित तेच. म्हणून एवढं लक्षात ठेवा.

• बर्थ मोजू नका, माणसं मोजा. कोण कितीला झोपतं, कोण कितीला उठतं, हे आधी लिहून काढा.

• रोज बेड कोण घालणार, हे घरीच ठरवा. साइटवर पावसात ठरवायला गेलात तर संपलंच!

• प्रत्येक पलंगापासून टॉयलेटपर्यंत चालून बघा. मधली दारं बंद करून, दिवे घालवून.

• विकत घेण्याआधी तसाच लेआउट दोन रात्री भाड्याने घ्या. ज्यांची झोप सावध, त्यांना सोबत न्या.

आणि दाखवणारा कितीही गोड बोलला तरी बूट काढून पलंगावर आडवे व्हा. चांगली पाच मिनिटं, आणि दोघांनी एकदम. त्यात लाजायचं काय? झोप तुमची आहे, बॉस!