दोन दिवस दिसली नाहीस

18 सप्टेंबर 2022, रविवार

ती कोण होती ते अखेर कळलं. गेल्या वर्षी जुलैमध्ये वसईतल्या आपल्या भुईगावच्या किनाऱ्यावर बॅगेत सापडलेली, शिर नसलेली बाई. नालासोपाऱ्यात राहत होती. या आठवड्यात पोलिसांनी तिच्या नवऱ्याला अटक केली.

चर्चमधली मिस्सा आटोपून आम्ही शेजारणी टीचरच्या ओट्यावर बसलो. टीचर, नर्स, माई आणि मी. पितृपंधरवडा चालू आहे, फुलांना उठाव नाही, जास्वंदीच्या कळ्या तर कुणी विचारत नाही, असं माझं रडगाणं सुरू होतं. नर्सच्या नाइट ड्युटीचे पैसे अडकलेत. माईचे गुडघे. टीचरच्या सुनेला बाळंतपणासाठी आईकडे जायचंय की इथेच राहायचंय, ते ठरत नाही. मग माईनेच विषय काढला. म्हणाली, "बाई हयात नाही, आणि वर्षभर कुणाच्या घरात एक ताट कमी झाल्याचं कळलं नाही?"

कुणी काही बोललं नाही. माहेरची माणसं शोधत आली, त्यांनी तक्रार केली, तेव्हाच पोलिसांना धागा जुळवता आला. म्हणजे तिला शोधणारं कुणी नव्हतं असं नाही. पण एवढ्या दिवसांत त्यांना काय काय सांगितलं गेलं असेल? लांब राहणाऱ्या मुलीबद्दल जावई जे सांगेल ते खरं मानायचं, हे आपल्या सगळ्यांच्या घरात चालतं.

मला गेल्या वर्षीचा तो दिवस आठवला. बातमी गावात पसरली तशी घराघरातून फोन सुरू झाले. सोपाऱ्याला दिलेली मुलगी, विरारला राहणारी बहीण, कामावर गेलेली सून, सगळ्यांना 'कुठे आहेस गं?' आमच्या लेकी सुखरूप आहेत हे कळल्यावर आम्ही हुश्श केलं. ती मात्र कुणाच्याच फोनमध्ये निघाली नाही. आमच्या वाळूत पडलेली ती बाई वर्षभर नुसता 'तो मृतदेह' होती.

27 सप्टेंबर, मंगळवार

नवरात्रात फुलांना भाव चढला. पहाटे अंधारात चाफा खुडला, पिशव्या बांधल्या आणि दादरची गाडी धरली. डब्यात जागा नव्हती, तरी बसायला मिळालं, कारण आमच्या डब्यात जागा धरून ठेवतात. नायगावला चढणारी भाजीवाली दोन दिवस आली नव्हती. ती चढताच तिघींनी घेरलं: दोन दिवस दिसली नाहीस, काय झालं? घरात भांडण? ताप? पोरगं आजारी? तिने डोक्यावरची पाटी खाली ठेवायच्या आधी तीन उत्तरं दिली.

बाहेरच्यांना हे भोचकपणाचं वाटतं. मला वाटत नाही. या डब्यातल्या बायकांना एकमेकींची आडनावं ठाऊक नसतात, पण कुणाचा नवरा दारू पितो, कुणाच्या गळ्यातली पोत गहाण पडलीय, कुणाच्या दंडावर कशाचा वळ आहे, हे ठाऊक असतं. भांडतातही कडकडून. तरीही दोन दिवस न आलेल्या बाईची चौकशी होते, ही केवढी मोठी गोष्ट आहे.

15 नोव्हेंबर, मंगळवार

कालपासून टीव्ही बघवत नाही. वसईची श्रद्धा वालकर. मे महिन्यात दिल्लीत तिचा खून झाला आणि आत्ता, नोव्हेंबरात, तिच्यासोबत राहणाऱ्या, वेगळ्या धर्माच्या मुलाला अटक झाली. वाहिन्यांवर फ्रिज, करवत, जंगल. त्याच त्या गोष्टी, वरून संगीत लावून. माझ्या भाचीने रिमोट हिसकावून टीव्ही बंद केला.

संध्याकाळी ओट्यावर चांगलंच वाजलं. माई म्हणाली, आईबापाचं ऐकलं असतं तर ही वेळ आली नसती. नर्स एकदम उसळली. "माई, किनाऱ्यावरची ती घरदार सोडून पळाली होती का? रीतसर लग्न केलेली होती. नवरा-बायको एकाच धर्माचे होते. तिला कोणी वाचवलं?" टीचरने दोघींना आवरलं. मी नर्सच्या बाजूने आहे. मुलीने कुणाशी संसार मांडला यावर तिच्या जिवाची किंमत ठरवायला लागलो, तर मार खाणारी प्रत्येक मुलगी आधी हाच हिशेब करेल: घरी सांगितलं तर 'तुझंच चुकलं' ऐकावं लागेल का?

मला या सगळ्या बातमीत एकच गोष्ट धरून ठेवावीशी वाटते. श्रद्धा गायब आहे, हे पहिल्यांदा एका मित्राच्या लक्षात आलं. तिचा फोन बरेच दिवस लागत नाही, हे त्याने सप्टेंबरमध्ये तिच्या घरी कळवलं. मग वडिलांनी माणिकपूर पोलिसांत तक्रार केली आणि तपास दिल्लीपर्यंत पोचला. त्याला वाटलं असतं, 'असेल बिझी', 'तिचं ती बघेल', तर अजून काय काय दडून राहिलं असतं कोण जाणे.

भाची रात्री माझ्याजवळ येऊन झोपली. अंधारात म्हणाली, "मावशी, माझी एक मैत्रीण आहे सोपाऱ्याला. कॉलेजची. आधी तास तास बोलायची. आता काही विचारलं की फक्त अंगठा पाठवते."

24 नोव्हेंबर, गुरुवार

काल श्रद्धाचं जुनं पत्र बाहेर आलं. 23 नोव्हेंबर 2020 रोजी तिने नालासोपाऱ्याच्या तुळींज पोलिसांना लिहिलेलं. सोबत राहणारा तो मुलगा मारतो, जिवे मारण्याची आणि तुकडे करण्याची धमकी देतो, असं तिने दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं होतं. पुढे तिने ती तक्रार मागे घेतली.

'मागे का घेतली?' असं आज बाजारात जो तो विचारत होता. मला हा प्रश्न विचारणाऱ्यांचा राग आला. तक्रार लिहून देणाऱ्या बाईला रात्री कुठे झोपायचं असतं? त्याच घरात.

नर्स म्हणाली, आमच्याकडे येतात त्या 'जिन्यावरून पडले' म्हणतात. तळमजल्यावर राहणाऱ्यासुद्धा. नवरा शेजारीच उभा असतो, ती त्याच्याकडे बघून उत्तर देते. नर्स आता एक करते, ड्रेसिंगच्या निमित्ताने नवऱ्याला बाहेर बसवते आणि मग हळूच विचारते. कधी बाई रडते, कधी गप्प राहते. एकदा एकीने फक्त तिचा हात घट्ट धरून ठेवला.

टीचरने राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातला आकडा वाचून दाखवला. 2019 ते 21 मधली पाहणी. ज्या बायकांनी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली, त्यांच्यातल्या 77 टक्के बायकांनी ना मदत मागितली, ना कुणाला सांगितलं. महाराष्ट्रात लग्न झालेल्या चारांतल्या एकीने नवऱ्याचा अत्याचार सोसलेला आहे. त्यातच काल संयुक्त राष्ट्रांचा अहवाल आलाय: 2021 मध्ये जगभरात सुमारे 45,000 बायका-मुली नवऱ्याच्या, जोडीदाराच्या किंवा घरातल्याच माणसाच्या हातून मेल्या. तासाला पाचांहून जास्त.

माई वाल सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मी त्या सत्त्याहत्तरांतली."

इतक्या वर्षांची शेजारीण. तिचा नवरा जाऊन मोठा काळ लोटला. आम्हाला तो चर्चच्या कामात पुढे असणारा, सगळ्यांशी गोड बोलणारा माणूस म्हणून माहीत होता. माईने सांगितलं ते सगळं इथे लिहिणार नाही. ती म्हणाली, "आवाज जायचा की शेजारी. भिंत ती केवढी? पण कुणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं की नाही, ठाऊक नाही. पण विचारायला हवं होतं." टीचर उठून तिच्या शेजारी जाऊन बसली आणि दोघी मिळून वाल सोलत राहिल्या.

श्रद्धाबद्दल त्या दिवशी माई असं का बोलली, ते मला आज कळलं. घरच्यांनी जुळवलेल्या लग्नात तिने आयुष्य काढलं. निदान त्या वाटेने गेलेली बाई सुरक्षित असते, एवढं तरी खरं असावं, असं तिला वाटत होतं.

27 नोव्हेंबर, रविवार

आगमनकाळाचा पहिला रविवार. दुपारी भाची आणि मी सोपाऱ्याला गेलो. न कळवता. शेतातली केळी आणि अळू सोबत घेतलं, दारात उभं राहायला निमित्त हवं म्हणून.

तिच्या मैत्रिणीने दार अर्धंच उघडलं. नवरा घरीच होता. सभ्य वाटला, पाणी आणून दिलं, आमच्यासोबत बसला आणि उठलाच नाही. मी त्याला शेताबद्दल, भरतीबद्दल, बावखलं, म्हणजे आमची गोड्या पाण्याची तळी, बुजवल्यामुळे विहिरींचं पाणी कसं मचूळ व्हायला लागलंय त्याबद्दल सांगत बसले. भाची अळू निवडायला म्हणून मैत्रिणीला घेऊन स्वयंपाकघरात गेली. अळूची देठं सोलायला किती वेळ लागतो, ते पुरुषांना माहीत नसतं, हे बरं आहे.

परतताना रिक्षात भाची म्हणाली, "तिचा फोन तोच बघतो. अंगठे तोच पाठवत होता."

पोटात गोळा आला. मेसेज आला म्हणजे माणूस ठीक आहे, असं आपण धरून चालतो. हे फार भयंकर आहे. आवाज ऐकायला हवा, चेहरा बघायला हवा, आणि तोही एकांतात.

ती लगेच बाहेर पडायला तयार नाही. लहान मुलगा आहे. मुलाची शाळा, भाडं, आईवडिलांचं तोंड, सगळं तिच्या डोळ्यांसमोर आहे. भाचीने तिला 181 नंबर पाठ करायला लावला, कागदावर लिहून दिला नाही. चांगलं केलं.

16 डिसेंबर, शुक्रवार

राज्य सरकारने मंगळवारी आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांची माहिती ठेवायला समिती नेमली आणि काल सुधारणा करून ती फक्त आंतरधर्मीय लग्नांपुरती ठेवली. कारण देताना श्रद्धाचं नाव पुढे आलं. आमच्या ओट्यावर कुणालाच हे पटलं नाही, माईलासुद्धा. आमच्या गावांत आंतरधर्मीय संसार आहेत, सुखाने नांदणारे आहेत. त्यांच्या दारावर चौकशी जाणार, आणि माईच्या भिंतीपलीकडे जे चाललं होतं त्याची नोंद मात्र कुणाकडेच नाही?

कायदा तर आहे आपल्याकडे. टीचरने तो शोधून काढला आणि मोठ्याने वाचला. 2005 चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा. लग्नासारखं एकत्र राहणाऱ्या बाईलाही तो लागू होतो. तिला घराबाहेर काढता येत नाही, न्यायदंडाधिकारी संरक्षणाचा आदेश देऊ शकतात. आणि आमच्या चौघींच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं कलम 4: बाईने स्वतःच जायला हवं असं नाही, ज्याला कळलंय असा कोणीही माणूस संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि चांगल्या हेतूने कळवलं तर त्याच्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. शेजारीण, मैत्रीण, डब्यातली बाई, कोणीही. वकिलाचे पैसेही लागत नाहीत. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.

"हे तेव्हा असतं तर," माई म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "असतं तरी मला कोणी वाचून दाखवलं असतं?"

टीचरने जानेवारीत बचत गटाच्या बैठकीत हेच कलम वाचायचं ठरवलंय. मी म्हटलं, डब्यातही वाच. वसई ते दादर पुरेसा वेळ आहे.

22 डिसेंबर, गुरुवार

करंज्या तळणं चालू असताना भाचीची मैत्रीण आली. मुलाला घेऊन, एकटी. नवऱ्याला सांगून आली होती की मुलाला नाताळचा गोठा दाखवायला नेतेय. मुलगा भाचीबरोबर खरोखरच गोठ्यासाठी गवत वेचायला गेला.

तिने पदराआडून प्लास्टिकची पिशवी काढली. आधार कार्डाची, लग्नाच्या दाखल्याची, मुलाच्या जन्मदाखल्याची झेरॉक्स, आणि नर्सने लिहायला सांगितलेल्या तारखा. कोणत्या दिवशी काय झालं, एका ओळीत एकेक. म्हणाली, "मावशी, हे तुमच्याकडे राहू दे. मी अजून काही ठरवलेलं नाही."

मी म्हटलं, नको ठरवूस. कागद राहू देत.

लोखंडी कपाटात खालच्या कप्प्यात ठेवले. किल्ली कुठे असते ते नर्सला आणि टीचरला सांगून ठेवलंय. दर बुधवारी आणि शनिवारी भाची तिला फोन करणार आणि मुलाशीही बोलणार. आवाज ऐकू आला नाही तर त्याच दिवशी आम्ही दारात जाऊन उभ्या राहणार. नाताळानंतर टीचर तिला एकदा वकीलबाईंकडे नेणार आहे, नुसतं ऐकून यायला. माई म्हणाली, मीही येते. तू कशाला, गुडघे दुखतात ना, असं टीचर म्हणाली. "दुखू दे," माई म्हणाली, "तिथे कुणी विचारलं तर सांगेन, मी तिची आजी."