भेंडीची गाडी

आज पिकाचं नाही लिहीत. परवा तारखेसाठी ठाण्याला जाऊन आलो. टेंभी नाक्यावर देवीच्या मंडपाचं काम सुरू झालंय. ते बघितलं आणि मागच्या वर्षीचं सगळं परत डोळ्यांसमोर आलं.

मागच्या वर्षी ठरवलं होतं, दसऱ्याच्या आत स्वतःची पिकअप दारात आणायची. आपल्या मुरबाडला भात निघालं की भेंडी. ती दिवसाआड तोडावीच लागते, एक तोडा चुकला की जून. माल रात्रीच कल्याण मार्केटला पोचला पाहिजे आणि भाड्याची गाडी ऐन वेळेला फोन उचलत नाय. म्हणून दोन म्हशी विकल्या, घरचीची पोत गहाण टाकली आणि तीन लाख दहा हजार जमवले.

टेंभी नाक्याजवळ एका जुन्या गाड्यांच्या डीलरचं ऑफिस. एसी, चहा, भिंतीवर गणपती. पोरगा गोड बोलणारा. "काका, पहिल्या मालकाची गाडी, 62 हजार किलोमीटर, डोळे झाकून घ्या." मी खरंच झाकले. आरसी बुकाची झेरॉक्स दाखवली, म्हणाला ओरिजिनल आरटीओत आहे, महिन्याभरात नावावर होईल. 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर सह्या घेतल्या. दहा हजार मोबाईलवरून घेतले, बाकी तीन लाख रोख. पावती मात्र एक लाख नव्वदचीच दिली. "दोन लाख रोख दाखवता येत नाहीत काका, टॅक्सचा प्रॉब्लेम होतो." मला वाटलं, आपल्याच भल्याचं सांगतोय.

जानेवारीत रायत्याच्या पुलाजवळ इंजिन बसलं. रात्रीचे दोन, मागे 14 क्रेट भेंडी. मेकॅनिकने ब्रेकचं पेडल दाखवलं, रबर पार गुळगुळीत. म्हणाला, "दादा, हे 62 हजाराचं नाय, मीटर मागं फिरवलाय. आवाज दाबायला जाड ऑईल भरलंय." त्या दिवशीचा माल दुपारी गेला, मिळेल त्या भावाने.

ते परवडलं असतं. मार्चमध्ये फायनान्सची दोन माणसं अंगणात आली. गाडीवर आधीच्या मालकाचं कर्ज तसंच होतं. घरची ओटीवर तांदूळ निवडत होती. ती काही बोलली नाही, सूप उचलून आत गेली. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुतण्याने परिवहनच्या ॲपवर गाडीचा नंबर टाकला. दोन मिनिटांत सगळं दिसलं, कर्जाचा बोजा, विमा संपलेला. ही दोन मिनिटं मी ऑक्टोबरमध्ये दिली नाहीत. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि 35 नंबरचा फॉर्म लागतो, तो आधी हातात घ्यायचा, मग पैसे. आणखी एक कळलं. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, गाडी ताब्यात घेतली की तशी नोंदही करावी लागते. ते मागायचं कुणाला माहीत होतं!

डीलरकडे गेलो तर तोच पोरगा म्हणतो, "आम्ही फक्त मध्यस्थ." या वेळी चहा नव्हता.

मग जूनमध्ये ग्राहक आयोगात तक्रार टाकली. पाच लाखांच्या आतल्या खरेदीला फी नाही. समोरचा वकील म्हणाला, गाडी धंद्याची आहे, हे ग्राहक कसले? पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू असेल तर कायदा ग्राहकच धरतो, असं आमच्या वकिलीणबाई म्हणाल्या. त्यांची अडचण वेगळीच आहे. कागदावर माझे फक्त दोन लाख दिसतात. उरलेले एक लाख दहा हजार मी आणि तो पोरगा सोडून कुणी बघितलेले नाहीत.

गाडी गोठ्याशेजारी उभी आहे. पावसात हौद्यावर ताडपत्री टाकून खताच्या गोण्या ठेवल्या होत्या. पुढची तारीख ऐन भात कापणीत आलीय. जायचं तर आहेच. त्या दिवशी कापणीला दोन माणसं कोण देतंय का बघा, मजुरी रोख देईन.