अ‍ॅडजस्ट कोणी करायचं?

चि. ऋता,

विवाह समुपदेशनाच्या पुस्तिकेचं भाषांतर करताना मूळ इंग्रजीतल्या ‘अ‍ॅडजस्ट’साठी मराठीतही ‘अ‍ॅडजस्ट करणं’च ठेवावं का, असं तू विचारलं आहेस. शब्द आपल्याकडे कधीच रुळला आहे, तेव्हा शुद्धाशुद्धतेचा वाद मी काढत नाही. माझी हरकत वेगळी आहे. इंग्रजीत हे क्रियापद बहुधा कर्म घेऊन येतं: आरसा, ब्रेक, चष्मा, घड्याळ. काय बदलायचं ते वाक्यातच दिसतं. माणूस स्वतः बदलतो तेव्हा कर्म गळतं, पण कशाशी जुळवून घ्यायचं ते सहसा सांगितलेलं असतं: नवं शहर, थंडी, अंधार. आपण शब्द उचलला आणि या दोन्ही गोष्टी तिकडेच ठेवल्या. ‘जरा अ‍ॅडजस्ट कर’ यात काय, कशाशी, किती, काहीच येत नाही. उरते नुसती आज्ञा, आणि तिचा सगळा भार ऐकणाऱ्यावर.

मूळ शब्दात असा एकतर्फीपणा नाही. लॅटिनमधल्या ‘युक्स्ता’पासून, म्हणजे ‘जवळ’पासून, तो निघाला, जवळ आणणं, जोडणं हा त्याचा पहिला अर्थ. पुढे लोकांनी त्याचं नातं ‘युस्तुस’शी, म्हणजे न्याय्य किंवा उचित या शब्दाशी लावलं. व्युत्पत्ती म्हणून हे चूक, पण त्या समजुतीने शब्दाला वळण दिलं. सागरी व्यापारात तो न्याय आजही पाळला जातो. वादळात जहाज वाचवण्यासाठी कोणा एका व्यापाऱ्याचा माल समुद्रात टाकावा लागला, तर ते नुकसान त्याच्या एकट्याच्या माथी मारत नाहीत. जहाजमालक आणि सगळे मालधनी आपापल्या मत्तेच्या किमतीच्या प्रमाणात ते सोसतात. हा वाटा ठरवणाऱ्या तज्ज्ञाला ‘अ‍ॅव्हरेज अ‍ॅडजस्टर’ म्हणतात. मार्च २०२१मध्ये सुएझ कालव्यात ‘एव्हर गिव्हन’ जहाज सहा दिवस अडकलं होतं. त्याच्या सुटकेचा खर्च वाटण्यासाठी मालकांनी हेच तत्त्व लावलं, आणि कंटेनरमध्ये ज्यांचा माल होता त्यांच्याकडेही हमी मागितली गेली. ज्याचं बुडालं त्याला गप्प बसवणं हे अ‍ॅडजस्टरचं काम नव्हे. इतरांच्या वाट्यातून त्याची भरपाई ठरवणं हे अ‍ॅडजस्टरचं काम.

तू म्हणशील, मुंबईच्या लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी ‘थोडं अ‍ॅडजस्ट करा’ म्हणतात, त्यातही काय, कशाशी, किती हे नसतंच. खरं आहे, पण तिथे ते सांगावं लागत नाही. बाक सगळ्यांना दिसतो, तिघेही थोडे थोडे सरकतात, चौथाही अर्ध्याच जागेवर टेकतो. हा तर शब्दाचा उत्तम वापर. घरात मात्र तो बाक दिसत नाही. सुनेने नोकरीची वेळ बदलली, स्वयंपाकाची पद्धत बदलली, माहेरी जाणं कमी केलं, तर तिने ‘अ‍ॅडजस्ट केलं’. बाकीचे किती सरकले, हे विचारायला त्या वाक्यात जागाच नाही. शिक्षण खात्याच्या कागदांतही असंच दिसतं. अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकाचं ‘समायोजन’ होतं, म्हणजे त्याला दुसऱ्या शाळेत पाठवतात. हलतो तो एकटा शिक्षक.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. संसारात पैन्‌पैचा हिशेब मांडला तर माया कुठे राहील? मलाही असा हिशेब नको आहे. आपण होऊन सोसण्यात माया असतेच, आणि ‘जुळवून घेणं’ या आपल्या शब्दातलं ‘घेणं’ तेच दाखवतं. ते ज्याचं त्याने घ्यायचं असतं. पण दुसऱ्याला ‘सोस’ म्हणून सांगणं ही माया नव्हे. तसं सांगायचंच असेल तर निदान काय सोसायचं आणि कोणकोणी, एवढं तरी सांगावं. मोघम शब्द भांडण टाळतो असं वाटतं, पण जिला न्याय हवा तिची तक्रार मांडायची सोयच तो काढून घेतो.

म्हणून ‘अ‍ॅडजस्ट’ हा शब्द खुशाल ठेव, पण एकटा ठेवू नकोस. मूळ इंग्रजीत मोघम असेल तिथे लेखिकेला पत्र लिहून विचार: कोणी, कशाशी, किती? नवविवाहितेला सल्ला देणाऱ्या प्रत्येक वाक्यापुढे तोच सल्ला नवऱ्यालाही दिला आहे का, हे पाहा. नसेल तर प्रकाशकाला तसं स्पष्ट कळव.

तुझा,
मामा