जुना महामार्ग, पहिली क्रूझर

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला; पण त्यावर दुचाकीला मज्जाव! त्यामुळे कामशेत, वडगाव, तळेगावहून मोटारसायकलने पुण्याकडे नोकरीला जाणाऱ्यांना आजही जुना महामार्गच सोबती. पावसाळ्यात इंद्रायणीकाठची भातखाचरे डोळे निववतात. देहूरोड आले, की ट्रक-बसगाड्यांची गर्दी सुरू होते.

या वाटेवरच्या तरुणाला क्रूझरची भुरळ पडते ती तिच्या रुबाबाने. घरच्यांनी मात्र आधी तिची बैठक पाहावी. आसन बुटके, हँडल उंच, पाय पुढे. त्यामुळे मनगटांवर भार येत नाही. बजाज ॲव्हेंजर २२० क्रूझचे आसन जमिनीपासून ७३७ मिलिमीटर, रॉयल एनफिल्ड मीटिऑर ३५० चे ७६५. मध्यम उंचीच्या माणसाचेही पाय सहज टेकतात. पण मीटिऑरचे वजन १९१ किलो! ती बंद ठेवून, मागे ढकलून पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

उणिवाही आहेतच. लांबुडकी गाडी वळायला जागा जास्त मागते, खड्ड्याचा दणका थेट कमरेत बसतो. जुनी गाडी घेताना ब्रेक विशेष तपासावेत. १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले ते एप्रिल २०१९ पासून.

चाचणी शोरूमसमोरच्या गल्लीत नको, रोजच्या रस्त्यावर, मागे जोडीदाराला बसवून घ्यावी. गाडी एकाची असली, तरी संध्याकाळी तिच्या आवाजाकडे कान सगळ्या घराचे असतात.