डोहातलं गणित

धाम नदी पवनारला विनोबांच्या आश्रमाखालून वाहते, पुढे वणेला मिळते आणि वणा वर्धेला. आमचं वावर पवनारच्या खाली, धामच्या काठी. मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. गेले काही महिने रात्री मात्र याच नदीतल्या शेवाळाचं गणित मांडतो आहे.

ही वाढ आणि प्रवाह यांची शर्यत. पाणी सेकंदाला फक्त १० सेंटिमीटर सरकलं तरी दिवसात साडेआठ किलोमीटर जातं. शेवाळ दोन दिवसांत दुप्पट होतं असं धरलं, तर तेवढ्यात ते १७ किलोमीटर खाली गेलेलं असतं. त्यामुळे स्क्रीनवरची नदी बारमाही स्वच्छ. इकडे वावराखालचा डोह एप्रिलमध्ये पोपटी झालेला, आणि आमची जनावरं तिथंच पाणी पितात. हिरवं पाणी दरवेळी विषारी नसतं. पण ते विष बनवणारं मायक्रोसिस्टिस असेल, तर यकृतावर घाव घालतं. पाणी उकळूनही ते विष जात नाही.

टेक्सासमध्ये सोनेरी शेवाळानं मासे मरू लागले, तेव्हा जेम्स ग्रोव्हर आणि सहकाऱ्यांनी कडेच्या संथ पाण्याला वेगळं समीकरण दिलं. मुख्य धार आणि डोह यांच्यात थोडी देवाणघेवाण, बस. डोहात पाणी दहा दिवस थांबलं की एकाचे बत्तीस होतात, आणि डोह धारेला बियाणं पुरवत राहतो.

खाद्य कोण पुरवतं? डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत सुमारे १० किलो फॉस्फरस असतो. त्यातला शंभरावा हिस्सा, म्हणजे १०० ग्रॅम, पावसानं नदीत गेला, तर त्यावर दहा किलोंहून जास्त सुकं शेवाळ पोसलं जाऊ शकतं. हा आकडा बाबांना सांगितला. ते म्हणाले, "मंग कपाशीले काय देऊ?" याचं उत्तर माझ्या कोडमध्ये नाही.

देवाणघेवाणीचा दर मात्र मोजता येतो. वर धारेत मिठाचं पाणी एकदम ओतायचं आणि खाली पाण्याची विद्युतवाहकता नोंदवत बसायचं. खारेपणाची शेपटी जितकी लांब रेंगाळेल, तितकं पाणी डोहात अडतंय. मीठ आणून ठेवलंय. बाबांचं म्हणणं एवढंच, नदीत मीठ कायले ओततो असं गावात कोणी विचारलं, तर काय सांगायचं ते आधी ठरव.