ढेलजेतली जावा

मराठीच्या प्राध्यापकाला वाईला जायला निमित्त शोधावे लागत नाही. विश्वकोशाचे कार्यालय तिथे आहे, प्राज्ञपाठशाळा तिथे आहे. आणि तर्कतीर्थांचे नाव काढले की घरातून सहसा विरोध होत नाही. मीही दर वर्षी विद्यार्थ्यांची एक टोळी घेऊन तिथे जातो. विश्वकोशाचे खंड त्यांना दाखवतो, ढोल्या गणपतीपुढे सगळ्यांना उभे करून तो रास्त्यांनी १७६२ साली बांधला हे सांगतो, आणि मग घाटाच्या पायऱ्यांवर बसून सगळे मिळून भेळ खातो. कृष्णा पावसाळ्यानंतर जरा शहाण्यासारखी वाहू लागते, त्या दिवसांत हा कार्यक्रम फार छान होतो.

२०२१ सालच्या डिसेंबरात असाच गेलो होतो. मुले मेणवलीला नाना फडणीसांचा वाडा आणि वसईहून आणलेली ती घंटा पाहायला गेली. माझे गुडघे कुरकुरत होते, म्हणून मी गावातच राहिलो आणि आळीआळीने हिंडत बसलो. वाईच्या आळ्यांतून हिंडताना उघड्या दरवाजातून आत डोकावण्याचा मोह मला आवरत नाही. सभ्य माणसाने असे करू नये हे मला मान्य आहे. पण त्या दिवशी मी सभ्यपणा केला असता, तर हा लेख झाला नसता.

एका वाड्याच्या ढेलजेत, गोणपाटाखाली, एक चाक दिसले. चाकावरचा मडगार्ड पाहिला आणि मी उंबऱ्यातच थांबलो. तो खोल, गोलसर मडगार्ड मी ओळखत होतो. माझ्या मामाकडे कऱ्हाडला जावा होती. तिच्या टाकीवर मला पुढे बसवून मामा प्रीतिसंगमापर्यंत नेत असे. त्या टाकीची ऊब मला अजून आठवते. पुढे मामाने ती एका दूधवाल्याला विकली, तेव्हा मी दोन दिवस जेवलो नव्हतो असे आई सांगे. मला वाटते, एकच दिवस असेल.

"काय पाहिजे?" आतून आवाज आला. नऊवारी नेसलेल्या, ऐंशीच्या पुढच्या एक आजी कातरकामाची टोपली मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी खरे ते सांगितले. त्या म्हणाल्या, "मग बघा की. गोणपाट काढा. झुरळं असतील."

झुरळे होती. पण गोणपाटाखाली १९६७ सालची जावा होती, अडीचशे सीसीची, दोन सायलेन्सरांची. रंग मूळचा मरून. आता त्यावर धुळीचा इतका जाड थर की बोटाने ओढलेली रेघ लेण्यातल्या कोरीवकामासारखी दिसावी. टाकीच्या उजव्या अंगाला, गुडघा टेकायच्या रबराच्या वर, वाटीएवढा पोचा होता.

"तो जांभळीच्या म्हशीचा," आजी म्हणाल्या.

त्यांचे यजमान गुरांचे डॉक्टर होते. धोमपासून मांढरदेवीच्या पायथ्यापर्यंत गावोगाव याच गाडीवर हिंडत. एकदा जांभळीत एका अडलेल्या म्हशीला मोकळी करून ते परत निघाले, तर त्या कृतघ्न जनावराने गाडीला शिंग मारले. डॉक्टर घरी येऊन हसत सुटले. "पारडू वाचलं, टाकी गेली," असे चार दिवस सगळ्यांना सांगत होते. पोचा त्यांनी कधी काढू दिला नाही. १९८६ साली ते गेले आणि त्या दिवसापासून गाडी ढेलजेत उभी होती. पस्तीस वर्षे!

ज्यांना या गाडीची ओळख नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. फ्रांतिशेक यानेचेक या चेक गृहस्थाने १९२९ साली वांडरर कंपनीचा मोटरसायकलींचा धंदा घेतला आणि स्वतःच्या नावातले 'जा' व वांडररमधले 'वा' जोडून नाव केले. हा समास कोणता, हे मी वर्गात एकदा विचारले होते. कुणाला सांगता आले नाही. म्हैसूरला आयडियल जावा या कारखान्यात १९६१ पासून ती आपल्याकडे तयार होऊ लागली. १९७३ पासून 'येझदी' हे नाव आले आणि १९९६ मध्ये कारखान्याला टाळे लागले. पुढे २०१८ साली जावा हे नाव नव्या गाड्यांवर परत आले, पण त्या गाड्या वेगळ्या. जुन्या जावेची गंमत तिच्या एका दांड्यात आहे. तोच दांडा मागे फिरवून किक मारायची, आणि गाडी सुरू झाली की तोच पुढे वळवून त्याने गिअर टाकायचे. एका भांड्यात वरण आणि त्याच भांड्यात ताक करणाऱ्या गृहिणीची काटकसर त्यात आहे.

मी किंमत विचारली. आजींनी टोपली बाजूला ठेवली. "पैशाचं मुलांना विचारा. मला एवढंच सांगा, चालेल का ती?"

"चालेल," मी म्हणालो. कशाच्या आधारावर, देव जाणे.

"मग एकदा इथं आणून दाखवायची. आणि तो पोचा काढायचा नाही."

मी दोन्ही कबूल केले.

दोन मुलगे. थोरले त्याच वाड्यात मागच्या चौकात राहतात, धाकटे नाशिकला. वाड्याच्या वाटणीपासून, म्हणजे २००४ पासून, दोघांत बोलणे नाही. थोरल्यांनी साठ हजार सांगितले. धाकट्यांनी फोनवर नव्वद सांगितले आणि लगेच म्हणाले, "पण विकायचीच कशाला म्हणतो मी?" मग ठेवता का, असे विचारले तर गप्प. अखेर पासष्टवर ठरले. हे पासष्ट हजार आमच्या स्वयंपाकघराच्या नव्या ओट्यासाठी बाजूला काढलेले होते. आमच्या सौभाग्यवती यावर फार काही बोलल्या नाहीत. "आता स्वयंपाक टाकीवर करू," एवढेच म्हणाल्या, आणि त्यानंतर महिनाभर तेच म्हणत होत्या.

पैसे देणे सोपे. गाडी नावावर होणे अवघड. मालक हयात नसला की आधी एकतीस नंबरचा अर्ज करून गाडी वारसाच्या नावावर घ्यावी लागते, मग एकोणतीस आणि तीस नंबरचे अर्ज करून ती आपल्या. आजींच्या नावावर करायला दोन्ही मुलांची ना-हरकत हवी. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण तशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शने, मेळावे यांनाच न्यायची. मला शोभेचा हत्ती नको होता. सुदैवाने डॉक्टरांचे नोंदणीपुस्तक औषधांच्या पेटीत, सुयांच्या डब्याखाली, जसेच्या तसे सापडले. सह्यांच्या दिवशी थोरले कचेरीच्या दारातल्या चहाच्या गाड्यापाशी उभे होते, धाकटे रस्त्यापलीकडच्या झाडाखाली. कागद घेऊन मी मधला रस्ता चार वेळा ओलांडला. धाकट्यांनी सही करताना विचारले, "पोचा आहे ना अजून?" मी म्हणालो, आहे.

गाडी टेम्पोत घालून पुण्याला आणली. मिस्त्री सत्तरीचे, याच गाड्यांवर हात काळे करून म्हातारे झालेले. त्यांनी किकवर पाय ठेवला, किक दगडासारखी. "जाम," ते म्हणाले, आणि त्या एका शब्दावर मला चहा पाजला. प्लग काढून त्या भोकातून त्यांनी डिझेल आणि इंजिन ऑइल ओतले आणि मूग भिजत घालावेत तसे इंजिन भिजत घातले. तीन आठवडे रोज एक नाजूक धक्का. बाविसाव्या दिवशी पिस्टन केसभर हलला. मला कॉलेजात फोन आला, तेव्हा मी अलंकार शिकवीत होतो. उरलेला तास कोणता अलंकार शिकवला ते आठवत नाही.

पुढचे वर्ष याचे. एका सायलेन्सरच्या तोंडाशी कुंभारमाशीने मातीचे घर बांधले होते, एअर फिल्टरच्या जागी उंदराने डॉक्टरांच्या पावतीपुस्तकाची गादी केली होती. सिलिंडरला आतून गंजाचे खड्डे, म्हणून तो बोअर करून एक माप मोठा पिस्टन बसवला. पण मिस्त्रींचा सगळा कटाक्ष होता तो क्रँकच्या ऑइल सीलवर. चार स्ट्रोकच्या इंजिनात पेट्रोलची वाफ सरळ वरच्या खोलीत जाते; या दोन स्ट्रोकच्या इंजिनात ती आधी पिस्टनच्या खाली, क्रँकच्या पोटात ओढली जाते, तिथे दाबली जाते आणि मग वर चढते. म्हणजे पोट हवाबंद पाहिजे. पस्तीस वर्षांत सीलचे रबर सुकून सुपारी झालेले. "हे बदलल्याशिवाय गाडी चालू होईल सर, पण ऐकणार नाही," मिस्त्री म्हणाले. सहा व्होल्टचा दिवा आणि हॉर्न यांसाठी मी जुन्या बाजारात किती बुधवार आणि रविवार घालवले त्याचा हिशेब घरी दिलेला नाही. डायनामोचे आर्मेचर नव्याने गुंडाळून घेतले. टाकीत रॉकेल आणि मूठभर नट घालून ती मी आणि मिस्त्रींचा नातू आळीपाळीने घुसळत होतो. आत जुन्या पेट्रोलचा डिंक झालेला, त्याचा वास माझ्या शर्टांना अजून आहे.

आणि मग टाकी रंगाला गेली. दुकानातल्या पोराला मी पोचा दाखवला होता, खडूने गोल केला होता, काढायचा नाही असे तीनदा सांगितले होते. आठ दिवसांनी आणायला गेलो, तर टाकी आरशासारखी. पोचा नाही. पोराने तो आतून ठोकून, लांबी भरून, घासून असा नाहीसा केला होता की म्हशीने सुद्धा शपथेवर नाही म्हणावे. "फुकट केलं, सर," तो आनंदाने म्हणाला. खडूच्या खुणेचा त्याने आपल्या परीने अर्थ लावला होता. इथे काम करायचे आहे, याहून दुसरे काय असणार? मला त्याच्यावर रागावता येईना. मी टाकी पोत्यात गुंडाळून रिक्षात बसलो आणि घरी येईपर्यंत तिच्यावरून हात फिरवत राहिलो.

गाडी सुरू झाली ती फेब्रुवारी २०२३ मध्ये, सातव्या किकला. तो आवाज कसा असतो ते लिहायचा मी दोनदा प्रयत्न केला आणि खोडले. मिस्त्रींनी डोळे मिटून ऐकले आणि म्हणाले, "अजून थोडी हवा जास्त आहे." सौभाग्यवती गॅलरीत आल्या होत्या. त्या दिवशी ओट्याचा विषय निघाला नाही.

वाईला जायचे मात्र मी महिनाभर टाळले. कार्ब्युरेटर, परीक्षा, ऊन, सगळी कारणे दिली. शेवटी मार्चमध्ये एका रविवारी पहाटे निघालो. लिटरमागे चाळीस मिलिलिटर तेल पेट्रोलमध्ये मिसळून घेताना पंपावरचा मुलगा असे पाहत होता, जणू मी दुधात ताक घालतोय. कात्रजचा बोगदा, नीरा, शिरवळ. ताशी पंचेचाळीसच्या वर मी गेलो नाही. खंबाटकी घाटात मालमोटारी मला ओलांडून जात होत्या आणि त्यांचे क्लीनर हात करीत होते. सुरूरच्या फाट्याला वळलो तेव्हा उन्हाला पिवळा रंग आला होता. पुढे शेतातला हळदीचा वास.

वाड्यापुढे उभा राहिलो. आजी काठी टेकत आल्या. त्यांनी गाडीकडे पाहिले नाही. उजव्या बाजूने आल्या आणि टाकीवर हात ठेवला. हात पुढे गेला, मागे आला, पुन्हा त्याच जागी फिरला.

"टाकी दुसरी आहे का?"

"नाही आजी. तीच आहे. रंगवताना… माझं लक्ष कमी पडलं."

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. हात तिथेच होता. मग म्हणाल्या, "बरं. सुरू करा."

मी घाईने टिकलर दाबला, किक मारली. काही नाही. पुन्हा दाबला, पुन्हा मारली. पाच, सहा, सात. वास सुटला, घाम सुटला, आळीतली चार पोरे जमली. मागच्या चौकातून थोरले आले, क्षणभर पाहत राहिले. "गरम गाडीला टिकलर दाबत नाहीत, सर. पेट्रोल बंद करा आधी." त्यांनी मला बाजूला केले, हाताची मूठ पूर्ण पिळली आणि एक किक, दोन किका. सायलेन्सरांतून निळा धूर निघाला आणि वाडा दणाणला. आजी काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या. डोळे गाडीकडे नव्हते, आळीच्या टोकाकडे होते.

"जा," त्या मुलाला म्हणाल्या. "घाटापर्यंत जाऊन या."

थोरले पुढे, मी मागे. पसरणीच्या घाटाला लागलो तेव्हा कळले की यांनी ही गाडी चोरून पुष्कळ चालवली आहे. वळण येण्याआधी गिअर उतरत होता, पायाच्या नुसत्या इशाऱ्यावर. अर्ध्या घाटात, कठड्यापाशी, त्यांनी थांबवली. गाडी चालूच ठेवली. खाली वाई, कृष्णा, पलीकडे धोमचे पाणी. त्यांनी खिशातून मोबाईल काढला, सायलेन्सरपाशी उकिडवे बसून आवाज टिपून घेतला, मग उठून उगाच दरीकडे पाहत राहिले.

"सर," ते म्हणाले, "सह्यांच्या वेळी तुमचं नाशिकला बोलणं झालं होतं. नंबर असेल तुमच्याकडं?"

मी नंबर वाचून दाखवला. त्यांना चष्म्याशिवाय आकडे दिसत नव्हते, म्हणून दोनदा वाचावा लागला.