आग कधी मोजायची?

४ जून
माझ्या खेळाचा पट तयार झाला. आठ बाय आठ घरं, चार शिपाई, समोर राक्षस. आता आगीचा नियम. मशालवाल्याने पेटवलेल्या राक्षसाला दर टर्नला दोन डॅमेज, एवढं वहीत लिहिलं. पण हे दोन नेमके कधी वजा करायचे? राक्षसाची टर्न सुरू होताना, संपताना, की सगळ्यांचं खेळून झाल्यावर? दोनच हेल्थ उरलेला राक्षस पहिल्या नियमात चावण्याआधी मरतो, दुसऱ्यात चावून मरतो. आकडा तोच, पण एकीकडे शिपाई वाचतो आणि दुसरीकडे जातो.

रात्री 'इनटू द ब्रीच' उघडला. सबसेट गेम्सचा २०१८चा खेळ, पट याचाही आठ बाय आठच. शत्रू कुठे हल्ला करणार ते आधीच दिसतं आणि आपली टर्न संपल्यावर पुढचा क्रम बांधलेला असतो: आधी आग, नंतर वादळ-लाटा असं निसर्गाचं काही, मग वेक नावाच्या किड्यांचे हल्ले. पेटलेल्या किड्याची एकच हेल्थ उरली असेल तर त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही, तो हल्ल्याआधीच जाणार. वाचलेली खेळी दुसऱ्या किड्याला ढकलायला मोकळी. तिथली आग दर टर्नला फक्त एक डॅमेज करते. पण क्रम पक्का माहीत असल्याने त्या एकावर अख्खा बेत रचता येतो.

५ जून
फेरीच्या शेवटी सगळ्यांची आग एकदम मोजायची, हा नियम बाद. माझ्या खेळात शिपाई आणि राक्षस आलटूनपालटून खेळतात. ज्याचं खेळून झालंय त्याला पेटवलं तर पुन्हा टर्न येण्याआधीच तो भाजतो. ज्याचं खेळायचं बाकी आहे तो आधी चावून घेतो, मग भाजतो. म्हणजे एकाच मशालीची किंमत दोन जागी वेगळी, तीही खेळणाऱ्याला न सांगता. त्यामुळे मोजणी पेटलेल्याच्याच टर्नवर, आणि 'इनटू द ब्रीच'सारखी हल्ल्याआधी, म्हणजे टर्नच्या सुरुवातीला. आग तीन टर्न टिकणार, तेही त्याच्याच टर्नवर मोजायचं. पेटवणाऱ्यावर मोजलं तर तो मेल्यावर हिशेब कोणाकडे राहणार?

८ जून
आज नुसती बेरीज-वजाबाकी. बारा हेल्थचा राक्षस घेतला. तलवारीचा एक वार सहाचा, म्हणजे दोन फेऱ्यांत काम तमाम, आणि मधे त्याला चावायला एकदाच मिळतं. आग दर टर्नला तीन धरली आणि तीन टर्नची मुदत तूर्त बाजूला ठेवली तर तीही बारालाच पोचते, पण चौथ्या टर्नला. तोवर तो तीनदा चावलेला. उलट बाजू अशी की मशालवाल्याची एकच खेळी खर्च झाली, तलवारवाल्याच्या दोन. शिवाय मधेच कोणी त्या राक्षसाला मारलं तर उरलेली आग वाया. आणि अशा खेळात सगळे मिळून एकालाच झोडपणं हाच शहाणपणा असतो, त्यामुळे ती बहुतेक वेळा वाया जातेच.

म्हणूनच जुने-जाणते खेळ आगीला किंवा विषाला काहीतरी जास्तीचं देतात. 'डार्केस्ट डंजन'मध्ये रक्तस्राव आणि विष शत्रूच्या चिलखताला जुमानत नाहीत. 'इनटू द ब्रीच'मध्येही चिलखत शस्त्राचं डॅमेज एकाने कमी करतं, आगीचं नाही. पोकेमॉनची गंमत आणखी वेगळी. तिथे भाजल्यावर दर टर्नला पूर्ण हेल्थचा आठवा हिस्सा जायचा, २०१६च्या सन-मूनपासून सोळावा जातो. तरी खेळणारे भाजवायचं सोडत नाहीत, कारण भाजलेल्याचा शारीरिक हल्ला निम्मा होतो. हिस्सा किती जातो हे तिथे दुय्यम.

ठरलं: माझी आग ढालीला जुमानणार नाही.

११ जून
विझवण्याचं काय? डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीच्या २०१४च्या नियमांत अल्केमिस्ट्स फायर अंगावर पडली की दर टर्नच्या सुरुवातीला एक डी-फोर डॅमेज, सरासरी अडीच. विझवायला पूर्ण ॲक्शन द्यायची आणि वर फासा टाकून दहा गाठायचे. अडीच वाचवायला आपला वार कोण सोडेल? सगळे जळतजळतच लढतात. विझवावी की नाही हा प्रश्नच पडत नसेल तर ती आग म्हणजे फक्त जास्तीचा हिशेब.

'एक्सकॉम २'मध्ये पेटलेल्या शिपायाने हंकर डाउन केलं, म्हणजे तो दबून बसला, की विझतो, पण तो टर्नभर गोळी झाडू शकत नाही. 'इनटू द ब्रीच'मध्ये आपला यंत्रयोद्धा, म्हणजे मेक, स्वतःची दुरुस्ती करतो तेव्हा एक हेल्थ परत येते आणि आगही जाते, पण हल्ला हुकतो. आगीने खरं नुकसान केलं ते टर्नचं. शत्रूची टर्न खाणारी आग मला हवी आहे. विझवायला टर्न घालवावीशी वाटावी म्हणून दोनाचे तीन केले.

१२ जून
पेटलेल्याला पुन्हा पेटवलं तर? डॅमेज वाढणार नाही, मुदत नव्याने सुरू. बेरजेची मजा 'स्ले द स्पायर'च्या विषात आहे: पाच विष म्हणजे पाच, चार, तीन, दोन, एक, एकूण पंधरा. पण तो पत्त्यांचा खेळ, पट तिथे नाहीच.

१६ जून
शनिवार-रविवार 'डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन २'. तेल सांडा, पेटवा, विषाचा ढग त्यात घाला, स्फोट. पाऊस पाडला की आग विझते, पण शापित आग साध्या पावसाला दाद देत नाही. जादूचं चिलखत शाबूत असेपर्यंत माणूस पेटत नाही, हा नियम मला आवडला. आधी सोलायचं, मग जाळायचं. पण तासाभरात अख्खा पट ज्वाळांनी भरतो आणि मग डोकं न चालवता फक्त पाय ठेवायला जागा शोधायची. पहिल्यांदा धमाल, नंतर कंटाळा. माझ्याकडे जमिनीवरची आग एका घरातच राहील. पसरणार नाही.

१९ जून
अकरावीतली भाची आली, तिला बसवलं. तिने दोन हेल्थच्या पेटलेल्या राक्षसावर तलवार चालवली. म्हटलं, "अगं, तो आपोआपच मेला असता." ती म्हणाली, "मामा, मला कसं कळणार? तुझ्या वहीत लिहिलंय, पटावर कुठाय?"

बरोबर आहे तिचं. 'स्ले द स्पायर'मध्ये विषाने जाणारी हेल्थ पट्टीवर हिरवी दिसते. जेवण झाल्यावर हेल्थच्या पट्टीवर पुढच्या टर्नला जळणारा भाग नारिंगी केला. दुसऱ्या डावात तिने पेटलेल्या राक्षसाला सोडून शेजारच्याला मारलं आणि तो डाव जिंकला. डॅमेज तीन, मोजणी टर्नच्या सुरुवातीला, मुदत तीन टर्न. आता आगीला हात लावायचा नाही, उद्यापासून विष.